साखरेची सुई समजून घेताना

आमच्या वस्तीत मधुमेहाला मधुमेह कोणी म्हणत नाही, 'शुगर' म्हणतात. त्या शुगरचे लोकांनी आपल्यापुरते दोन भाग पाडले आहेत. एक गोळीवरची शुगर, दुसरी सुईवरची शुगर. गोळीवरची म्हणजे चालायचेच. सुईवरची म्हणजे आता संपत आले. मांडा-टिटवाळ्यात कोणाला सुई लागली असे कळले की आयाबाया भेटायला जातात आणि असे चेहरे करून बसतात की, पेशंटलाच त्यांची समजूत काढावी लागते.

वाचकहो, आम्ही डॉक्टर नाही. कचेरीत आवक-जावक आणि बिले पाहणारी माणसे आहोत. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे दाखले, रेशनकार्डे आणि दवाखान्याचे कागद घेऊन फिरतो, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागली आहे. गेल्या वर्षी ही सुई आमच्याच घरात आली, तेव्हा ती सवय उपयोगी पडली. जे वाचले, विचारले आणि पाहिले तेवढेच येथे लिहितो.

आमच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, चौदा वर्षांपासून शुगर आहे. वय सत्तावन्न, वजन चव्वेचाळीस किलो. टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडून कल्याणला दोन घरी स्वयंपाकाला जातात. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या, मग तीन. गेल्या वर्षी उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने झालेले खरचटणे सव्वा महिना भरून येईना. वर्षभरात वजन सहा किलोने आपोआप उतरले होते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा आला ११.४. बहुतेक पेशंटांना तो सातच्या आसपास ठेवायला सांगतात. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, अंगठा पाहिला आणि चिठ्ठीवर इन्शुलिन लिहिले.

आक्का म्हणाल्या, "मी नाही घ्यायची. माझ्या नणंदेला सुई लावली आणि वर्षात गेली."

ही गोष्ट खरी होती. पण त्या बाईंना सुई लावली तेव्हा त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले होते. पाच-सहा वर्षे आधी लागणारी सुई अगदी शेवटी आली, आणि बदनामी मात्र सुईची झाली. पंचनाम्याला आलेल्या पोलिसानेच खून केला असे आपण म्हणतो का? सुईबद्दल मात्र घरोघरी हेच म्हणतात. 'एकदा सुई लागली की सुटत नाही' हे दुसरे वाक्य. त्यावर आमचे म्हणणे असे की, चष्मा तरी कोणाचा सुटतो? शिवाय काहींची सुई सुटतेही. एखाद्या तापात, ऑपरेशनच्या वेळी किंवा बाळंतपणात शुगर चढते तेव्हा इन्शुलिन देतात आणि नंतर डॉक्टरच ते बंद करतात. आक्कांचे तसे होईल असे कोणी म्हणाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

इन्शुलिनची बाटली आणली आणि फ्रिजच्या दारात ठेवली. तीन आठवडे ती तिथेच राहिली. सीलही फुटले नव्हते.

त्या तीन आठवड्यांत दुसरा एक पक्ष उभा राहिला. तो आक्कांचा मुलगा, आमचा भाचा. ऐरोलीला कंपनीत आहे, पोरगा गुणी आहे, आईवर जीव आहे. तो मोबाइल दाखवत म्हणाला, "मामा, आता आठवड्याला एक सुई निघाली आहे. परदेशात सगळे तीच घेतात. आईला रोज दोनदा टोचायचे कशाला? पैशाचे मी बघतो." आठवड्याला एक म्हटल्याबरोबर आक्कांचाही चेहरा उजळला. आमची सौ. म्हणाली, बरे होईल. घरात एकमत झाले, आणि तेही डॉक्टरला न विचारता.

इथे आम्ही पाय रोवून उभे राहिलो. 'ती' सुई आणि 'ही' सुई एकच माल आहे का, हे कोणालाच माहीत नव्हते. पेन दिसायला सारखे आहे, टोचायची जागा पोटावरची सारखी आहे, रोगाचे नाव सारखे आहे. म्हणून औषधही एकच असेल असे घरातल्या सर्वांनी धरून चालले होते.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. आपल्या गल्लीत महापालिकेचे पाणी येते. टाकी भरलेली असते, पाइपात पाणी असते, पण चावीवाला येऊन चावी फिरवील तेव्हाच घरच्या नळाला पाणी येते. रक्तातली साखर म्हणजे मोठ्या पाइपातले पाणी. शरीरातला प्रत्येक स्नायू म्हणजे एकेक घर. आणि इन्शुलिन म्हणजे चावीवाला. हा चावीवाला पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होतो. तो आला नाही तर पाइप फुटायला येतो आणि घरे कोरडी राहतात. म्हणूनच शुगर तीनशेच्या वर गेलेल्या माणसाच्या रक्तात साखर भरपूर असते आणि अंगात मात्र त्राण नसते.

आता टाइप दोनच्या मधुमेहात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे चाव्या गंजतात. चावीवाला येतो, जोर लावतो, पण चावी फिरत नाही. विशेषतः पोटावर चरबी साठलेल्या माणसात असे होते. दुसरी म्हणजे चावीवालेच कमी होत जातात. वर्षानुवर्षे जास्त राबून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी थकतात, घटतात. बहुतेकांत दोन्ही बिघाड थोडेथोडे असतात, पण कोणाचे माप कोणत्या बाजूला जड आहे यावर औषध ठरते.

आठवड्याची जी सुई आहे ती इन्शुलिन नाही. आपण जेवलो की आतड्यातून एक रस सुटतो, तो स्वादुपिंडाला सांगतो की साखर येते आहे, तयारीला लागा. त्या रसाची नक्कल म्हणजे ही औषधे. ड्युलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही त्यांची मूळ नावे. टिरझेपॅटाइड नावाचे आणखी एक आहे, ते अशा दोन रसांची नक्कल करते. या कुळातले पहिले औषध अमेरिकेत २००५ साली मंजूर झाले, आणि त्याचा धागा सापडला होता गिला मॉन्स्टर नावाच्या एका विषारी सरड्याच्या लाळेत. माणसाने औषध कुठे शोधावे याला काही नेम नाही. ही सुई झोपलेल्या चावीवाल्याला उठवते, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि भूक मारते. भूक मारते म्हणून वजन उतरते, वजन उतरले की गंजलेल्या चाव्याही थोड्या सैल होतात. ज्याचे वजन जास्त आहे त्याला हिचा चांगला उपयोग होतो, हृदयालाही काही औषधांचा फायदा दिसून आला आहे.

पण चावीवालाच उरला नसेल तर उठवायचे कोणाला? आणि चव्वेचाळीस किलोच्या बाईची भूक मारून काय मिळवायचे?

हा प्रश्न आम्ही कागदावर लिहून घेतला आणि आक्कांना, भाच्याला घेऊन उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात गेलो. (राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नोंद घ्यावी. रांग मात्र आहे, डबा बरोबर न्यावा.) तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी भाच्याचे म्हणणे न हसता ऐकून घेतले, हे आम्हाला फार आवडले. मग म्हणाल्या, "तुमच्या आईचे वजन न प्रयत्न करता उतरते आहे, तहान खूप आहे, जखम भरत नाही. शरीरात इन्शुलिन कमी पडते आहे त्याची ही लक्षणे. त्यांना आधी इन्शुलिनच हवे. आठवड्याचे इंजेक्शन हे त्याच्या जागी चालत नाही."

भाच्याने विचारले, "पण आई तर इतकी बारीक. शुगर जाड माणसांना होते ना?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुण्यातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात असे दिसले की, आपल्याकडची बाळे जन्मतः लहान आणि हाडकुळी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी टिकून असते. वरून बारीक, आतून चरबी. डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचे माप २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह छापले होते. उंचीच्या मानाने वजन दोघांचे तंतोतंत सारखे, पण चरबी इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना ज्याला पुरेसे मिळाले नाही, त्याचे शरीर पुढे आयुष्यभर काटकसरीचा हिशेब धरून चालते, आणि मग शहरात आल्यावर चहा, पाव आणि बसून खाणे वाढले की तो हिशेब कोलमडतो. आमची आई आक्कांच्या वेळी गरोदर असताना गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहत होती. श्रीमंतांचा रोग गरिबाच्या घरी कसा आला, असे पुष्कळ लोक विचारतात. तो वरून आलेला नाही, आपल्याच उपाशी आयांच्या पोटातूनही आलेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. इतके श्रीमंत या देशात कुठून आले?

डॉक्टरीणबाईंचे बोलणे भाच्याला पटले. आक्कांना पटले असे म्हणता येणार नाही. त्या परतीच्या लोकलमध्ये खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या होत्या.

त्या रात्री आम्ही त्यांच्याशी वेगळे बोललो. म्हणालो, आक्का, तुम्हाला माहीत आहे ना, बाबासाहेबांनाही हाच आजार होता? माहीत होते, पण सुईचे माहीत नव्हते. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम करून १९४८ च्या सुरुवातीच्या काळात बाबासाहेब उपचारासाठी मुंबईस आले, तेव्हा पायांतल्या कळांनी त्यांना झोप लागत नसे. पायांच्या नसा दुखणे हे शुगरचेच एक अंग. त्या वेळी ते इन्शुलिन घेत होते. डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी भेट झाली होती, त्याच पुढे माईसाहेब झाल्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीला लग्न झाले. प्रकृतीची काळजी घेणारे जाणते माणूस घरात हवे, हा त्यामागचा एक विचार होता. त्या काळी इन्शुलिन गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. सिरिंज काचेची असे, दरवेळी उकळावी लागे, सुया जाड असत. आजची सुई केसासारखी आहे.

आक्कांनी विचारले, "त्यांना पण टोचायचे?"

हो म्हटले. आणि घटना समितीत मसुदा मांडला तो ४ नोव्हेंबर १९४८ ला. म्हणजे इन्शुलिन घ्यायला लागल्यानंतरची ही सारी कामे. नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ही त्याच्याही आठ वर्षे नंतरची.

आक्का काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी विचारले की, सुई टोचायची किती वाजता, कारण सहा चाळीसची गाडी चुकली तर मालकीण कटकट करते.

हा प्रश्न आम्हाला वैद्यकशास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. आक्कांना मिक्स प्रकारचे साधे ह्यूमन इन्शुलिन दिले आहे, सकाळी १८ युनिट आणि रात्री १२ युनिट. (हे आकडे आक्कांचे आहेत. दुसऱ्याने उचलू नयेत, प्रत्येकाचे माप डॉक्टर ठरवतो.) ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाचे असते. आणि आक्कांची सवय अशी की, घरून नुसता चहा घेऊन निघायचे आणि साडेनऊला कल्याणच्या घरी उरलेसुरले खायचे. सुई घरी टोचली आणि गाडी आंबिवली-शहाडच्या मध्ये अर्धा तास उभी राहिली, तर? इन्शुलिन चावी फिरवायला तयार, आणि पाइपात पाणी नाही. साखर एकदम उतरायची. म्हणून वेळापत्रक बदलले. साडेपाचला सुई, सहाला भाकरी आणि भाजी किंवा अंडे, मगच घराबाहेर. मालकिणीशी बोललो, ती समजूतदार निघाली. सुई घेतली आणि जेवण चुकले असे कधीही होता कामा नये, एवढे आक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

साखर उतरली की काय होते हे घरातल्या सर्वांना माहीत हवे, पेशंटला एकट्याला माहीत असून भागत नाही. दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, अचानक भूक, कधी नुसतीच चिडचिड किंवा असंबद्ध बडबड. मशीनवर आकडा ७० च्या खाली दिसतो. त्या वेळी शुगरचा पेशंट आहे म्हणून साखर द्यायला भिऊ नये. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी, आणि मग काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. आक्कांच्या पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते. लोकलच्या डब्यातल्या त्यांच्या रोजच्या मैत्रिणींना ती कुठल्या कप्प्यात आहे ते ठाऊक आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक रिक्षाचालक बंधू राहतात. ते पेनवाले मिक्स इन्शुलिन घेत असत. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने २०२५ मध्ये ह्यूमन मिक्सटार्डच्या पेनच्या कार्ट्रिज भारतात बंद करण्याचे जाहीर केले, बाटली चालू ठेवली. पुष्कळ लोकांना त्यामुळे पेनकडून बाटलीकडे यावे लागले. या बंधूंकडे दोन कार्ट्रिज शिल्लक होत्या, आणि त्याच सुमारास पेन बिघडले. औषध वाया कशाला घालवा, असा विचार त्यांनी केला. मेडिकलमधून साधी सिरिंज आणली, कार्ट्रिजमधून २४ व्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि रात्री टोचून घेतले. नेहमीचे माप २४ युनिटच होते. पहाटे तीनला बायकोला जाग आली ती अंथरूण घामाने ओले झाले म्हणून. हाक मारली तर ओळख नाही. दैव बलवत्तर म्हणून रिक्षा दारातच होती आणि शेजारच्या मुलाला चालवता येत होती. सलाइनमधून साखर दिल्यावर शुद्धीवर आले.

झाले काय? आम्ही बी. कॉम. झालेली माणसे, औषध फारसे कळत नाही, पण त्रैराशिक कळते. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचे मिळते. साध्या बाटलीतले बहुधा ४० चे असते, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधले १०० चे, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. रेघा त्या त्या औषधाच्या हिशेबाने मारलेल्या असतात. लाल टोपणाच्या सिरिंजची २४ वी रेघ म्हणजे ०.६ मिलीलीटर. त्यात ४० चे औषध भरले तर बरोबर २४ युनिट होतात. त्यात १०० चे भरले तर ६० युनिट! अडीच पट. उलट केले तर उलटे होते. ४० चे औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २४ रेघेपर्यंत भरले तर जेमतेम साडेनऊ युनिट जातात, साखर चढत राहते आणि माणूस म्हणतो, सुईचा काही उपयोग नाही.

त्या बंधूंना कोणी हे सांगितले नव्हते. औषध देणाऱ्याने दिले, सिरिंज देणाऱ्याने दिली, दोघांनीही आपापले बिल बरोबर केले. बाटलीवर ४० की १०० हे छापलेले असते, सिरिंजवरही छापलेले असते. दोन्ही आकडे जुळले तरच भरावे. बाटली घेताना त्याच आकड्याची सिरिंज मागून घ्यावी. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही काढू नये. इंग्रजी वाचता येत नसले तरी ४० आणि १०० हे आकडे आपल्या लोकांना वाचता येतात. बसच्या पाट्या वाचतोच की. आक्का चौथी शिकलेल्या आहेत. त्या दर वेळी बाटली आणि सिरिंज शेजारी धरून मोठ्याने वाचतात, "चाळीस-चाळीस," आणि मगच टोपण काढतात.

पुढच्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर आम्ही अर्धा तास मागून घेतला. वस्तीत राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिका ताईंना बोलावले होते. सांगितले होते की, ज्याच्या घरी सुई आहे त्याने घेऊन यावी. तेव्हा पिशव्यांतून, पर्समधून, रुमालाच्या गाठीतून बाटल्या निघाल्या. वर्षानुवर्षे शेजारी राहणारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली, कारण कोणालाच दुसऱ्याचे ठाऊक नव्हते. एका ताईंची बाटली टीव्हीच्या मागे ठेवलेली असायची, सुनेला कळू नये म्हणून. एकांनी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, गोठून गेली होती. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामी होते, ते फेकावे लागते. न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये खालच्या बाजूला ठेवावी. फोडलेली बाटली घरात थंड जागी साधारण चार आठवडे चालते. ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा उन्हाळ्यात वीज जाते, त्यांनी लहान मडक्यात ओली वाळू घालून त्यात बाटली डबीत बंद करून ठेवावी, असे परिचारिका ताईंनी दाखवले. कल्याणहून आणताना बर्फ बाटलीला लागू देऊ नये, मध्ये फडके असावे. गढूळ दिसणारे इन्शुलिन दोन तळव्यांमध्ये हळू फिरवून एकजीव करावे, सरबतासारखे खळखळवू नये. आणि रोज एकाच जागी टोचू नये, तिथे गाठ होते आणि मग औषध नीट शोषले जात नाही. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. एका आजोबांनी आपली सुई सहा महिने तीच वापरत असल्याचे सांगितले, तेव्हा ताईंनी कपाळावर हात मारला.

खर्चाचेही बोलले पाहिजे, कारण आपल्या घरात डॉक्टरच्या आधी पाकीट बोलते. ह्यूमन इन्शुलिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. दहा मिलीलीटरची ४० ची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास पडते. तिच्यात ४०० युनिट. आक्कांना दिवसाला ३० लागतात, म्हणजे महिन्याला सव्वादोन बाटल्या, साडेतीनशे रुपयांच्या आसपास, सिरिंजा वेगळ्या. भाचा म्हणत होता त्यांपैकी टिरझेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एका आठवड्याची बाटली ३५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. आक्कांच्या दोन घरांच्या पगारापेक्षा जास्त. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, आणि देशी कंपन्यांनी ते बनवण्याची तयारी आधीपासून केलेली होती. तेव्हा भाव मेडिकलमध्ये ताजा विचारूनच पाहावा. इन्शुलिनची गोष्ट यापेक्षा निराळी आहे. टोरांटोला ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ते प्रथम टोचले. पहिले औषध अशुद्ध होते, फार उपयोग झाला नाही. शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले आणि मरणाच्या दारातला पोरगा उठून बसला. शोध लावणाऱ्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आक्कांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगली माणसे होती."

आठवड्याच्या सुईबद्दल आमच्या मनात राग नाही, गैरसमज नको म्हणून लिहितो. आमच्या आंबिवलीच्या वहिनींचे वजन ब्याण्णव किलो आहे, शुगर पाच वर्षांची, गुडघे बोलतात. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी हीच सुई सुचवली आहे, आणि त्यांच्या बाबतीत ती योग्य दिसते. तरी आम्ही त्यांना चार प्रश्न विचारून यायला सांगितले आहे. आधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायची का, कारण साखर फार झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेल्या डोळ्यांना त्रास होऊ शकतो. घराण्यात थायरॉइडचा कॅन्सर कोणाला होता का, कारण त्यातल्या एका प्रकारात हे औषध देत नाहीत. चालू असलेली ग्लिमेपिराइडची गोळी कमी करायची का, कारण ही सुई एकटी सहसा साखर फार खाली नेत नाही, पण त्या गोळीबरोबर नेऊ शकते. आणि चौथा, महिन्याचा खर्च दोन वर्षे झेपेल का, कारण मध्येच सोडले तर उतरलेले वजन आणि साखर पुन्हा चढू लागते. मात्रा लहानापासून हळूहळू वाढवतात, सुरुवातीला मळमळ, उलटी, जुलाब होतात, बहुतेकांचे कमी होतात. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे गेली आणि थांबेना, तर पुढची सुई न घेता दवाखान्यात जावे.

मोबाइलवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून ही सुई मागवून घेणारेही आता दिसू लागले आहेत, लग्नाआधी बारीक व्हायचे म्हणून. चिठ्ठीशिवाय विकायचे हे औषध नाही. विकणारा सोकावला आहे, घेणाऱ्याने तरी शहाणे व्हावे.

आक्कांचा अंगठा अडीच महिन्यांत भरला. वजन सत्तेचाळीस झाले. ११.४ चा आकडा आता ७.९ वर आहे, डॉक्टरीणबाई अजून खाली आणू म्हणतात. वैशाख पौर्णिमेला खीर दोन चमचे घेतली, तिसऱ्यासाठी वाटी पुढे केली तेव्हा नातीने हात धरला. रिक्षाचालक बंधू बाटलीवर आले आहेत, लाल टोपणाच्या सिरिंजचे पाकीट रिक्षाच्या कागदपत्रांबरोबर ठेवतात. वहिनींची डोळ्यांची तपासणी येत्या शुक्रवारी आहे. त्या दिवशी डोळ्यांत थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा परत आणायला कोणीतरी बरोबर जायला हवे. भाचा रजा टाकतो म्हणाला आहे.